पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलं?

नदीकाठी पक्ष्यांचा थवा दिसला की मन हरखतं आणि लगेच एक निष्कर्ष काढून मोकळं होतं: पक्षी आहेत, म्हणजे पाणी अजून ठीक आहे. शहरातल्या नद्या-तलावांच्या बाबतीत हा निष्कर्ष वारंवार चुकतो. पाण्याविषयीच्या गैरसमजांमध्ये मला हा सर्वांत घातक वाटतो, कारण तो नदीवर प्रेम करणाऱ्यांच्याच मनात घर करतो. काठावर उभं राहून तो तपासताही येत नाही. त्यासाठी पाण्याच्या पातळीला यावं लागतं, आणि त्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे कयाक, वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी.

रायपूरच्या चौबे कॉलोनीपासून सुरुवात करू. १९३५ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ याच वस्तीत आहे, त्यामुळे छत्तीसगडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना हे नाव परकं नाही. वस्तीला लागूनच करबला तलाव. पश्चिमेला पाचेक किलोमीटरवर महादेवघाट, तिथे हटकेश्वराचं देऊळ आणि खाली खारून नदी. कार्तिक पौर्णिमेला इथे पुन्नी मेळा भरतो आणि भाद्रपदात शहरभरातले गणपती इकडेच येतात. म्हणजे चौबे कॉलोनीतल्या माणसाचं खारूनशी नातं वर्षातून दोनदा तरी जुळतं. खरं तर ते रोजच जुळलेलं असतं. सकाळी नळाला येणारं पाणी भाटागावजवळच्या बंधाऱ्यातून उचललेलं असतं आणि मोरीतून गेलेलं पाणी नाल्यांनी पुन्हा त्याच नदीकडे निघतं.

हा व्यवहार जुना आहे. खारूनचं पाणी नळाने शहरात आणणारी योजना १८९२ मध्ये सुरू झाली. नांदगावचे, म्हणजे आजच्या राजनांदगावचे, राजे बलरामदास यांनी तिला देणगी दिली म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. त्याआधी रायपूर तलावांवर जगत होतं. बुढातलाव, कंकाली, तेलीबांधा, आमातलाव अशी नावं घेत गेलं तर यादी लांबते. दक्षिणेकडचा महाराजबंध मराठा अमलात महाराज दाणी नावाच्या एका महसूल-मक्तेदाराने बांधला, आणि त्याच परिसरात बिंबाजी भोसल्यांनी १७७५ मध्ये रामचंद्राचं देऊळ उभं केलं. नागपूरकर भोसल्यांच्या कारभाराला छत्तीसगडात फार कोणी प्रेमाने आठवत नाही, पण त्या काळात बांधलेला तलाव अजून पाणी धरून आहे. या तलावांच्या पायऱ्यांना इथे पचरी म्हणतात. आंघोळ, कपडे, पूजा, गप्पा हे सगळं पचरीवर चालतं. तलाव मरतो तेव्हा पाण्याबरोबर ही बैठकही उठते.

कयाकने नेमका काय फरक पडतो? त्यात माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो. डोळे पृष्ठभागापासून जेमतेम पाऊण मीटरवर. कयाक इतकी कमी बुडते की वीतभर पाण्यातही सरकते. इंजिन नाही, धूर नाही, आवाज फक्त वल्ह्याच्या दोन पात्यांचा. काठावरून दिसते ती एक सलग चकाकी. पाण्यावरून दिसतो तो तुकड्यातुकड्यांनी बदलणारा रंग, आणि डोळ्याच्या आधी नाकाला कळतं की कुठून तरी नाला येऊन मिळाला. महादेवघाटावर नावा चालवणाऱ्यांना आणि डोंग्यातून जाळं टाकणाऱ्या केवट-निषादांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मासा कुठे आहे आणि कुठे नाही, यावरच त्यांचं पोट असतं. कयाक घेऊन जाणाऱ्याने पहिली गोष्ट करावी ती म्हणजे त्यांच्याशी बोलणं. नदीच्या गेल्या तीस वर्षांचा इतिहास प्रयोगशाळेच्या कपाटात असेल-नसेल, त्यांच्याकडे तो असतोच.

आता पाण्याकडे. घरगुती सांडपाण्याची मुख्य गोष्ट विषाची नसून प्राणवायूची आहे. पाण्यात प्राणवायू विरघळतो, पण फार थोडा, आणि पाणी जितकं गरम तितका कमी. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. रायपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत नदीचं पाणी तीस अंश सहज गाठतं. सांडपाण्यातले अन्नकण, मैला, साबण हे सगळं जिवाणू खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. ही मागणी मोजायच्या पद्धतीला जैविक प्राणवायू मागणी किंवा बीओडी म्हणतात. आंघोळीयोग्य पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा आपल्याकडचा निकष आहे. शहराच्या कच्च्या सांडपाण्यात ती दोनशेच्या आसपास असते. याचा अर्थ असा की एक लिटर सांडपाणी पचवायला उन्हाळ्यातल्या स्वच्छ नदीच्या पंचवीसेक लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू लागतो. आणि उन्हाळ्यात खारूनला एवढं स्वतःचं पाणी असतं कुठे? बालोद जिल्ह्यात उगम पावणारी ही पावसाळी नदी. कोरड्या महिन्यांत शहराची तहान भागवायला महानदीवरच्या गंगरेल धरणातून कालव्याने पाणी आणावं लागतं.

पण नदी हार मानत नाही, ती पुढे वाहता वाहता सावरू पाहते. या सावरण्याचे टप्पे ठरलेले असतात. रिशार्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियान मार्सोन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्ये ते सजीवांवरून मांडले. नाल्याच्या तोंडाशी कोणते जीव, थोडं पुढे कोणते, आणखी पुढे कोणते, याची त्यांनी यादीच केली. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीवर स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी त्याला गणिताची जोड दिली. नाला मिळाल्यावर प्राणवायू लगेच तळ गाठत नाही. तो घसरत जातो, काही अंतराने सर्वांत खाली येतो आणि मग हळूहळू चढतो. काठावरचा माणूस या वक्ररेषेचा एखादा बिंदू पाहतो. प्रवाहाबरोबर जाणारा कयाकपटू ती अख्खी रेषा ओलांडतो.

ती डोळ्यांनी वाचता येते. नाल्याजवळ पाणी राखाडी, त्यावर तवंग. दगडांना आणि बुडालेल्या फांद्यांना मळकट कापसासारखे झुपके चिकटलेले. हे शेवाळ नसतं, जिवाणूंच्या वसाहती असतात. थोडं पुढे पाणी काळसर होतं आणि तळातून बुडबुडे यायला लागतात. वल्हं गाळात रोवलं तर एकदम भसाभस येतात. तळाचा गाळ प्राणवायूशिवाय कुजतो आहे, मिथेन आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो आहे, असा त्याचा अर्थ. वक्ररेषेचा तळ इथेच कुठेतरी असतो. त्याच्या पुढे पाणी हिरवं होऊ लागतं. काठावरून पाहणाऱ्याला वाटतं, सुधारलं. प्रत्यक्षात सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शैवाल माजलेलं असतं. हे शैवाल दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं, त्यामुळे दुपारी तीनला घेतलेला नमुना उत्तम येतो आणि पहाटे पाचला त्याच जागी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतात. शहरी तलावांत ढगाळ रात्रीनंतर सकाळी मासे मेलेले सापडतात त्यामागे अनेकदा हेच कारण असतं, आणि लोक मात्र कुणी विष टाकलं याचा शोध घेत बसतात.

पाणी समजून घ्यायचं असेल तर पहाटे निघावं. आणि पक्ष्यांचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. श्वास कोंडून वर आलेल्या माशांवर त्या वेळी बगळ्यांची आणि वंचकांची झुंबड उडते. फोटो सुंदर येतो. त्या फोटोत दिसणारी गर्दी ही पाणी बिघडल्याची खूण असते.

शेकाट्याचंही तसंच. लांब गुलाबी पायांचा, काळ्या पंखांचा हा देखणा पक्षी उथळ चिखलात टोच्या मारत फिरतो. त्याला हवे असतात चिलटांच्या जातीतल्या किड्यांच्या लाल अळ्या आणि गाळात तोंड खुपसून शेपूट हलवणारे बारीक जंत. या जिवांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ते लाल दिसतात आणि म्हणूनच जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळातही तग धरतात. त्यांना खाणारा मासा तिथे टिकत नाही, म्हणून त्यांची संख्या बेसुमार वाढते. नाल्याच्या तोंडाशी शेकाटे आणि हिवाळ्यात धोबी पक्षी मोठ्या संख्येने दिसले तर ती मेजवानी कशावर चालली आहे, हे ओळखायला हवं. पुण्याजवळच्या कवडीपाटला हिवाळ्यात पक्षीनिरीक्षकांची रीघ लागते. चक्रवाक, शेकाटे, करकोचे, सगळं दिसतं. तिथली मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी वाहून आणते, हेही तिथे गेलेला प्रत्येक जण नाकाने जाणतो. पक्षी पाहून परत येताना त्या वासाचा उल्लेख टाळण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि ती मोडली पाहिजे.

मग कोणता पक्षी काही चांगलं सांगतो? ज्याला पाण्यात आरपार दिसावं लागतं तो. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, नेम धरतो आणि सूर मारतो. मासा दिसला नाही तर त्याला उपाशी राहावं लागतं. नदीसुरयही वरून पाहूनच झेप घेतो. म्हणून केवळ धीवर दिसला एवढं लिहून भागत नाही. तो किती वेळा सूर मारतो आणि किती वेळा मासा घेऊन वर येतो ते पाहावं. काठावरच्या तारेवर नुसता बसलेला खंड्या फारसं सांगत नाही, कारण पांढऱ्या छातीचा खंड्या टोळ आणि सरडे खाऊनही मजेत जगतो. पाणकावळा बुडी मारून मासे पकडतो, पण गढूळ पाण्यातही त्याचं भागतं. आणि मासा असणं हीसुद्धा खात्रीची खूण नाही. मरळ आणि मागूर हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, तिलापिया जवळजवळ काहीही सोसतो. जाळ्यात तेवढेच येत असतील तर नदीने बाकीचे गमावले आहेत असं समजावं.

तलावांतला माझा आवडता साक्षीदार कमळपक्षी. लांब बोटांमुळे तो तरंगत्या पानांवरून चालतो. पावसाळ्यात याच पानांवर घरटं होतं, मादी अंडी घालून निघून जाते आणि अंडी उबवण्यापासून पिल्लांना सांभाळण्यापर्यंत सगळं नर करतो. त्याला कमळ, कुमुदिनी, शिंगाड्याचे वेल लागतात. छत्तीसगडात तलावांतून शिंगाडा आणि कमळाचे देठ-कंद काढून विकणारी घरं आजही आहेत, त्यामुळे माणसाचं आणि कमळपक्ष्याचं हित इथे एकाच वेलीवर तरंगतं. दोघांचा शत्रूही एक, जलपर्णी. स्थानिक भाषेत जलकुंभी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या खतावर पोसते आणि अनुकूल हवेत पंधरवड्यात दुप्पट होते. तिच्या गालिच्यात कयाक शिरतच नाही, वल्हं अडकतं. खाली उजेड पोचत नाही, हवेतला प्राणवायूही मिसळत नाही. वरून मात्र हिरवंगार, जांभळी फुलं, आणि तिच्यावर दिमाखात चालणारी जांभळी पाणकोंबडी. पुन्हा तोच भुलावा.

मुग्धबलाकाची गोष्ट मला या सगळ्यात वेगळी वाटते. चोच मिटली तरी मधे फट राहणारा हा करकोचा मुख्यतः पाण्यातल्या मोठ्या गोगलगाई खातो, आणि त्या भाताच्या खाचरांत भरपूर असतात. कोरबा जिल्ह्यातल्या कनकी गावात पावसाच्या तोंडावर हे पक्षी येतात आणि देवळाच्या आसपासच्या झाडांवर घरटी करतात. गावकरी त्यांना पावसाचे दूत मानतात आणि त्रास देत नाहीत. इथे पक्ष्याचं भवितव्य नाल्यापेक्षा शेतावर जास्त ठरतं. खाचरात कोणतं कीटकनाशक पडतं त्यावर गोगलगाय ठरते आणि गोगलगाईवर करकोचा. खारून रायपूरला पोचण्याआधी भाताच्याच मुलखातून येते, त्यामुळे शहराबाहेर वरच्या अंगाला वल्हवताना हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

गणपतीचं बोलायलाच हवं, कारण त्यात आपला थेट वाटा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, इतकं हळू विरघळतं. मूर्तीचे तुकडे गाळात महिनोन्‌महिने राहतात, आणि रंगांतले जड धातू गाळात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२० मध्ये त्या कडक करून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. महादेवघाटावर नदीऐवजी वेगळ्या कुंडात विसर्जन होतं, हे चांगलं आहे. तरीही प्रमाणाचं भान सुटू नये. मूर्ती दहा दिवसांच्या, सांडपाणी तीनशे पासष्ट दिवसांचं. उत्सवाच्या वेळी नदीची काळजी करणारे आणि उरलेलं वर्ष मोरीच्या पाण्याचं काय होतं हे न विचारणारे, अशी आपली स्थिती आहे. रायपूरच्या सांडपाण्यासाठी चंदनडीह, कारा आणि निमोरा इथे मोठी शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली आहेत, तिन्हींची मिळून क्षमता दिवसाला सुमारे वीस कोटी लिटर. केंद्र उभं राहणं आणि प्रत्येक नाला त्याच्यापर्यंत पोचणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर मोजायला नदीवरून जाणारा माणूस उपयोगी पडतो. उत्तरेला उरला आणि सिलतरा या उद्योगवसाहतींच्या बाजूला गेलं की प्रश्न बदलतो. तिथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी रायपूरकरांना गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमुळे ठाऊक आहे. तीच पावसाबरोबर ओढ्यांत जाते, आणि बीओडीच्या मोजणीत ती दिसत नाही.

वल्हवणाऱ्यांनी काही बदललं आहे का, असं कोणी विचारेल. मराठी मुलखात वल्हवण्याची एक जुनी संस्थात्मक परंपरा पुण्यात आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ चा, आणि त्याच्या वार्षिक रेगाटात मुठा-मुळेच्या संगमाजवळ कयाकची नृत्यं होतात. तिथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी पाणी बिघडताना हातभर अंतरावरून पाहिलं आहे. पण सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचं. तिथली नदी पुरासाठी बहुतांश सिमेंटच्या पात्रात कोंडलेली. तिच्या फक्त छोट्या भागातून नाव जाऊ शकते, असं २००८ मध्ये सरकारी यंत्रणेने ठरवलं, आणि तिथल्या कायद्यात नौकावहनयोग्यता गेली की संरक्षणही कमकुवत होतं. त्या वर्षी जुलैमध्ये जॉर्ज वुल्फ यांच्यासोबत काही जण कयाक घेऊन उतरले आणि तीन दिवसांत सुमारे ८२ किलोमीटरची अख्खी नदी उतरून गेले. २०१० मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने संपूर्ण नदी नौकावहनयोग्य ठरवली.

आपल्याकडे एवढी खटपट करायची गरज नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातल्या व्याख्येत नदी येते, ओढा येतो, वाहता असो की तात्पुरता कोरडा, नैसर्गिक असो की माणसाने केलेला जलाशय, सगळं येतं. म्हणजे खारूनही आली आणि करबला तलावही. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत खारूनचा रायपूरपर्यंतचा पट्टा आहे. कायदा आहे, यादी आहे. कमी पडते ती नदीवरची रोजची नजर. सरकारी नमुने ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या दिवशी घेतले जातात. दोन ठिकाणांच्या मधे, पहाटेच्या वेळी, नवा पाइप कुठून निघाला हे तिथून जाणाऱ्यालाच दिसतं.

जाणाऱ्याने काही गोष्टी मात्र पाळाव्यात. बंधाऱ्याच्या, म्हणजे इथल्या भाषेत एनिकटच्या, जवळ जाऊ नये. भिंतीवरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि आत ओढलेल्या वस्तूला सोडत नाही. वरून ते अगदी साधं दिसतं, म्हणूनच पट्टीचे पोहणारेही त्यात बुडतात. तरंगजाकीट घालावंच. पुराच्या दिवसांत पात्रात उतरू नये. हातापायाला जखम असेल तर सांडपाणी मिसळलेल्या पट्ट्यात जाऊ नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू जखमेतून शिरतात, आणि पावसाळ्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना नदीचा उल्लेख जरूर करावा. जून ते सप्टेंबर तरंगत्या पानांच्या पट्ट्यात शिरू नये. कमळपक्ष्याचं घरटं वल्ह्याच्या एका लाटेनेही बुडतं. हिवाळ्यात अडईंचा थवा दिसला तर लांबूनच वळसा घ्यावा, दिवसभर विश्रांती घेऊन रात्री चरणारे हे पक्षी पुन्हापुन्हा उडवले गेले तर तलाव सोडतात.

आणि वहीत लिहावं. तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस होता का, वास, रंग, बुडबुडे आहेत का. काठीला बांधलेली पांढरी थाळी किती खोलीवर दिसेनाशी झाली ते. एवढ्याशा साधनाने पाण्याची पारदर्शकता वर्षानुवर्षं ताडून पाहता येते. प्रत्येक नाल्याचं ठिकाण मोबाइलच्या नकाशावर. पक्ष्यांची नावं आणि संख्या लिहाव्यातच, पण त्यांच्यासमोर एक रकाना जास्त आखावा: हा पक्षी इथे काय खात होता.